पोलादी जोडाला पिझो सेन्सर: चिकटवण्यापासून निष्कर्षापर्यंत

पिझो सेन्सर, म्हणजे दाबाचं विजेत रूपांतर करणारी सिरॅमिकची पट्टी, बसवला की बांधकाम सुरक्षित आहे की नाही ते कळतं, असा समज कॉलेजच्या प्रोजेक्ट रिपोर्टांत आणि कधीकधी टेंडरच्या कागदांतही दिसतो. तसं होत नाही. ही इवलीशी पट्टी एवढंच सांगू शकते, की तिच्या आसपासचं पोलाद किंवा काँक्रीट मूळ नोंदीच्या वेळी जसं होतं तसं आज राहिलेलं नाही. म्हणून या कामात सेन्सर महत्त्वाचा असतोच, पण त्याहून महत्त्वाची असते ती धडधाकट अवस्थेतली मूळ नोंद. बहुतेक लोक सेन्सर आणि सर्किटवर महिने घालवतात आणि मूळ नोंद एका दुपारी उरकतात. या लेखात मूळ नोंदीला घाई नाही.

सरावासाठी मी नट-बोल्टने जोडलेली पोलादी तुळई निवडली आहे. बोल्ट सैल करणं म्हणजे इजा आणि परत आवळणं म्हणजे दुरुस्ती. तुळई न कापता तोच प्रयोग हवा तितक्या वेळा करता येतो. काँक्रीटकडे शेवटी वळू.

हे चालतं कसं

काही स्फटिकांवर दाब दिला की विद्युतभार निर्माण होतो, हे पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. उलटही घडतं: व्होल्टेज दिलं की स्फटिक किंचित आकसतो किंवा ताणला जातो. आपण वापरतो ती सिरॅमिक पट्टी शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या ऑक्साइडची असते. बाजारात आणि प्रयोगशाळेत तिला पीझेडटी म्हणतात.

ती पट्टी पोलादावर घट्ट चिकटवायची आणि तिला साधारण एक व्होल्टचा, किलोहर्ट्झमधला एसी द्यायचा. पट्टी थरथरते आणि खालचं पोलादही तिच्याबरोबर थरथरतं. पोलाद किती विरोध करतं त्यावर पट्टीतून जाणारा करंट थोडा बदलतो. वारंवारता हळूहळू वाढवत हा करंट मोजत गेलं की शिखरं आणि दऱ्या असलेला एक आलेख मिळतो. बोल्ट सैल झाला, तडा गेला, गंजाने जाडी कमी झाली, की ही शिखरं सरकतात, बसतात किंवा नवी उगवतात. मडकं विकत घेताना टिचकी मारून बघतात, तोच प्रकार, फक्त कानाला न ऐकू येणाऱ्या सुरांत. या पद्धतीला इलेक्ट्रोमेकॅनिकल इम्पिडन्स तंत्र म्हणतात (इम्पिडन्स म्हणजे एसी करंटला होणारा विरोध). तिचं गणित लियांग, सन आणि रॉजर्स यांनी १९९४ मध्ये मांडलं. आपल्याकडे आयआयटी दिल्लीत सुरेश भल्ला यांनी या विषयावर बरीच वर्षं काम केलं आहे.

इतकी वरची वारंवारता कशासाठी? आख्खा पूल काही हर्ट्झला डोलतो. त्या डोलण्यात दोन सेंटिमीटरच्या तड्याचा पत्ता लागत नाही. सहा मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्यात ५० किलोहर्ट्झच्या वाकणाऱ्या लहरीची लांबी मात्र साधारण तीन सेंटिमीटर असते, त्यामुळे त्या मापाचा दोष तिला जाणवतो. दुसरा फायदा असा, की ट्रकची धडधड आणि वाऱ्याचा हेलकावा खालच्या वारंवारतेत असल्यामुळे मोजणीत मिसळत नाही.

तोटा याच गोष्टीतून येतो. वरच्या वारंवारतेची लहर लांब जात नाही. साध्या अखंड धातूच्या पट्टीत पीझेडटीची नजर फार तर दोन मीटरपर्यंत पोहोचते, कंपोझिटमध्ये (फायबर आणि रेझिनच्या पत्र्यात) जेमतेम ०.४ मीटर. मध्ये एखादा बोल्टचा जोड आला की पलीकडचं फारसं दिसत नाही.

कुठे वापरू नये

हे आधी ठरवलं तर पैसे वाचतात. पीझेडटीवरचा भार काही वेळात गळून जातो. त्यामुळे संथ गोष्टी, म्हणजे पाया खचणं, खांब कलणं, कायमच्या वजनाने आलेला ताण, तिला मोजता येत नाहीत. त्यासाठी टिल्टमीटर आणि व्हायब्रेटिंग वायर गेज आहेत. महाडजवळचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला. तशा पुलावर पिझो पट्ट्या लावल्या असत्या तर, असा प्रश्न मला विद्यार्थी विचारतात. नदी पायाखालची माती खरवडून नेत असेल तर वर लावलेली पट्टी गप्पच बसेल. तिथे पाण्याची पातळी आणि पायाजवळच्या खोलीची मोजणी हवी.

पिझो पट्टीचं काम ठरावीक जागेचं आहे: गर्डरचा जोड, वेल्डचा कडेचा भाग, गसेट प्लेट, प्रीस्ट्रेसच्या केबलचं टोक, क्रेन गर्डरचा ब्रॅकेट. कुठे बिघडू शकतं हे आधी माहीत असेल तरच ती लावण्यात अर्थ आहे.

साहित्य घेताना

पीझेडटीच्या दोन प्रती (ग्रेड) सहज मिळतात, ५ए आणि ५एच. ५एच जास्त संवेदनशील आहे (आडव्या दिशेचा गुणांक ५ए ला सुमारे १७१ आणि ५एच ला सुमारे २७४ पिकोकुलोंब प्रति न्यूटन), पण ज्या तापमानाला सिरॅमिकचा हा गुणच नष्ट होतो ते तिचं २०० अंशांच्या आत आहे. ५ए चं ३५० च्या वर आहे आणि ऊन-थंडीत तिचे आकडे कमी हलतात. उघड्यावर ५ए घ्या. संवेदनशीलतेच्या मोहात ५एच घेऊन नंतर तापमानाशी झुंजत बसण्यात शहाणपण नाही.

मापाचा निर्णय मीटर बघून करायचा. १० × १० × ०.३ मिलिमीटरची ५ए पट्टी म्हणजे सुमारे ५ नॅनोफॅरडचा कपॅसिटर. ५० किलोहर्ट्झला तिचा इम्पिडन्स ६४० ओहमच्या आसपास, १०० किलोहर्ट्झला ३२० च्या. तुमच्याकडे चांगला एलसीआर मीटर किंवा इम्पिडन्स ॲनालायझर असेल तर काहीच अडचण नाही. पण असे मीटर लाखांत जातात, म्हणून बहुतेक लोक अ‍ॅनालॉग डिव्हायसेसची एडी ५९३३ ही इम्पिडन्स मोजणारी चिप आणि आर्डुइनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड वापरतात. ही चिप १०० किलोहर्ट्झपर्यंत चालते आणि १ किलोओहम ते १० मेगाओहम एवढंच थेट मोजते. म्हणजे १० मिलिमीटरची पट्टी तिच्या टप्प्यातच येत नाही! शिवाय चिपचा स्वतःचा आउटपुट रेझिस्टन्स २ व्होल्टच्या श्रेणीत २०० ओहमच्या घरात असतो, तो मोजणीत मिसळतो.

यातून दोन वाटा निघतात. पट्टी ५ × ५ मिलिमीटरची घ्या. कपॅसिटन्स चौथ्या हिश्शावर येतो आणि २० ते १०० किलोहर्ट्झमध्ये इम्पिडन्स साधारण ६.४ ते १.३ किलोओहम राहतो. किंवा चिपच्या आउटपुटला ऑपअ‍ॅम्पचा बफर लावा. कंपनीच्याच सीएन ०२१७ या सर्किट टिपणात एडी ८६०६ वापरून हे दाखवलं आहे. जमलं तर दोन्ही करा.

बाकी यादी छोटी आहे. दोन्ही इलेक्ट्रोड एकाच बाजूला वळवून आणलेली पट्टी मागा, नाहीतर खालच्या बाजूला वायर जोडताना हाल होतात. पातळ कोॲक्सिअल केबल, सावकाश वाळणारं दोन नळ्यांचं इपॉक्सी, थोडी चांदी असलेली सोल्डर वायर, डीएस१८बी२० तापमान सेन्सर, टॉर्क पाना, कपॅसिटन्स दाखवणारा मल्टीमीटर. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणाऱ्या पितळी पिझो डिस्कवर हात साफ करायला हरकत नाही. पण तिच्यात सिरॅमिक आणि तुळई यांच्या मध्ये पितळेची चकती येते. तिच्यावर आलेले आकडे रिपोर्टात घालू नका.

पहिली पायरी: जागा

बोल्टच्या ओळीपासून ५ ते १० सेंटिमीटरवर पट्टी बसवा. पाना फिरवताना धक्का लागणार नाही आणि पावसाचं पाणी साचणार नाही अशी बाजू बघा. वेल्डच्या तड्यासाठी ताण येणाऱ्या फ्लँजवर (तुळईच्या आडव्या पत्र्यावर), वेल्डच्या कडेजवळ. एका जोडाला निदान दोन पट्ट्या हव्यात, कारण एक फुटली तर दुसरी असते, आणि दोघींच्या तुलनेतून दोष कुणाच्या जवळ आहे त्याचा अंदाज येतो.

आणखी एक पट्टी लागते, जी बहुतेक जण लावत नाहीत. त्याच जाडीच्या पोलादाचा तळहाताएवढा सुटा तुकडा घ्या, त्यावर त्याच लॉटची पट्टी त्याच इपॉक्सीने चिकटवा आणि तो तुकडा जोडाशेजारी, तशाच सावलीत, तुळईपासून रबराने वेगळा करून ठेवा. हा साक्षीदार. त्याच्यावर वजन येत नाही, बोल्ट नाही. त्याचा आलेख बदलला तर कारण हवामान, मीटर किंवा इपॉक्सी, तुळई नव्हे.

दुसरी पायरी: पट्टी तपासणं आणि वायर जोडणं

चिकटवण्याआधी प्रत्येक पट्टीचा कपॅसिटन्स मोजून लिहून ठेवा. एकाच लॉटमधल्या पट्ट्यांत एखादी फारच कमी दाखवत असेल तर तिला बारीक चीर गेलेली असू शकते. डोळ्यांना ती दिसत नाही. पट्टी चिमट्याने उचला, पण टोकदार चिमट्याने नको, ०.३ मिलिमीटरचं सिरॅमिक दाबाने कडकन मोडतं.

सोल्डरिंग ३०० अंशांच्या आसपास, दोन-तीन सेकंदांत उरकायचं. जास्त वेळ टोक टेकवलं तर तेवढ्या भागाचं पोलिंग, म्हणजे पिझो गुण, उतरतं आणि चांदीचा इलेक्ट्रोड सोल्डरमध्ये विरघळून निघून येतो. चांदी असलेली सोल्डर त्यासाठीच. सोल्डरचा गोळा लहान ठेवा, तोही पट्टीवरचं वजनच आहे. काम झालं की कपॅसिटन्स पुन्हा मोजा.

तिसरी पायरी: पृष्ठभाग आणि इपॉक्सी

रंग आणि प्रायमर पूर्ण खरवडून काढा. रंगावर चिकटवलेली पट्टी तुळईऐवजी रंगच मोजते. २२० आणि मग ४०० नंबरचा एमरी पेपर, नंतर ॲसिटोनमध्ये भिजवलेलं स्वच्छ कापड एकाच दिशेने फिरवा, पुढे-मागे घासू नका. यानंतर त्या जागेला बोट लावायचं नाही. पट्टीची कड आणि मध्यरेषा आधी आखून घ्या.

इपॉक्सी पाच मिनिटांत वाळणारं नको. ते पुरेसं ताठ होत नाही आणि उन्हात मऊ पडतं. चोवीस तास घेणारं साधं इपॉक्सी समान मापाने मिसळा. थर जितका पातळ तितकं बरं. पट्टीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा जाड झाला तर पट्टीचा ताण इपॉक्सीतच जिरतो आणि तुळईपर्यंत पोहोचत नाही. म्हणजे ०.३ मिलिमीटरच्या पट्टीखाली ०.१ मिलिमीटर ही कमाल. फार जोरात दाबलं की खालचा इलेक्ट्रोड पोलादाला टेकतो, तोही घोटाळाच. पट्टी आणि तुळई यांच्यात मल्टीमीटर लावून अधूनमधून बघत राहा.

दाब देण्याची युक्ती: पट्टीवर बटर पेपर, त्यावर फोमचा तुकडा, त्यावर चपटं लोहचुंबक. तुळईच्या खालच्या बाजूला किंवा उभ्या वेबवर काम करताना यासारखा सोपा उपाय नाही. प्रयोगशाळेत दोन दिवसांचा प्रयोग असेल तर फेव्हिक्विकसारखं गोंदही चालतं, थर पातळ आणि ताठ येतो. पण उघड्यावर, विशेषतः पावसाळ्यात, ते भरवशाचं नाही.

वाळल्यावर कपॅसिटन्स पुन्हा मोजा. तो सुट्या पट्टीपेक्षा थोडा कमी यायला हवा, कारण आता पट्टीला पूर्वीसारखं मोकळेपणाने हलता येत नाही. फरकच पडला नाही तर पट्टी नीट चिकटलेली नाही, काढा आणि नवी लावा. ऑसिलोस्कोप असेल तर आणखी एक चाचणी करता येते. २एच शिशाची ०.५ मिलिमीटरची पेन्सिल घ्या, सुमारे तीन मिलिमीटर शिसं बाहेर काढून तिरकस धरा आणि पट्टीपासून काही सेंटिमीटरवर तुळईवर मोडा. स्क्रीनवर स्पष्ट ठोका दिसला पाहिजे. ॲकॉस्टिक एमिशनवाले (तडा जातानाचा आवाज टिपणारे) सेन्सर तपासायला वर्षानुवर्षं हीच युक्ती वापरतात.

चौथी पायरी: झाकणं

वर न्यूट्रल क्युअर सिलिकॉनचा पातळ थर द्या. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन तांब्याला गंजवतं, ते टाळा. मूळ नोंद हा थर पूर्ण वाळल्यावर घ्यायची. सिलिकॉन नंतर चढवलं तर आलेख बदलतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. केबल पट्टीपासून चार बोटांवर पट्ट्याने आवळा, म्हणजे ओढ सोल्डरवर येणार नाही. कोकणात खाऱ्या हवेने कनेक्टर आधी जातो, पट्टी नंतर. तिथे कनेक्टर बंद डब्यात हवाच. केबलची लांबी कमी ठेवा आणि एकदा ठरली की बदलू नका. कोॲक्सिअल केबलच्या दर मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड वाढतात, आणि ५ मिलिमीटरच्या पट्टीच्या तुलनेत ते आठ टक्के होतात.

पाचवी पायरी: मीटर जुळवणं

एडी ५९३३ वापरणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. चिप प्रत्येक वारंवारतेला १०२४ नमुने घेऊन दोन आकडे देते, खरा भाग आणि काल्पनिक भाग. इंटरनेटवरचे बहुतेक नमुना प्रोग्रॅम यातून इम्पिडन्सचा फक्त आकार (तो किती मोठा आहे एवढंच) काढतात आणि थांबतात. आपल्या कामाला ते उपयोगाचं नाही. आकारात पट्टीच्या कपॅसिटन्सचाच बोलबाला असतो, त्यात तुळईची शिखरं बुडून जातात. आपल्याला हवा असतो कंडक्टन्स, म्हणजे ॲडमिटन्सचा (इम्पिडन्सच्या व्यस्ताचा) खरा भाग, आणि तो फेजशिवाय, म्हणजे व्होल्टेज आणि करंटच्या लहरींतल्या अंतराशिवाय, निघत नाही.

पट्टीचा फेज उणे ८८ अंशांच्या आसपास असतो. तिथे अर्ध्या अंशाची चूक झाली, ८८ ऐवजी ८७.५ आले, तर कंडक्टन्स तब्बल २५ टक्क्यांनी फुगतो. म्हणून फेजची जुळवणी प्रत्येक वारंवारतेला वेगळी करावी लागते. पट्टीच्या जागी एक टक्का अचूकतेचा मेटल फिल्म रेझिस्टर लावा, समजा २ किलोओहम, आणि पूर्ण टप्पा मोजून घ्या. रेझिस्टरचा फेज शून्य असतो, म्हणून जो फेज दिसेल तो यंत्रणेचा स्वतःचा. पट्टीच्या मोजणीतून तो वजा करायचा. आकाराचा गुणकही याच फेरीतून काढायचा, तोही प्रत्येक वारंवारतेला. फीडबॅक रेझिस्टर पट्टीच्या सर्वांत कमी इम्पिडन्सएवढा ठेवा, म्हणजे चिप ओव्हरलोड होत नाही.

एका फेरीत चिप जास्तीत जास्त ५११ पावलं टाकते. २० ते १०० किलोहर्ट्झ १०० हर्ट्झच्या पावलांनी मोजायचं तर दोन फेऱ्या लागतात. शिखरं अरुंद असतील तिथे ५० हर्ट्झचं पाऊल घ्या. प्रत्येक फेरी काही वेळा घेऊन सरासरी काढा. जवळ वेल्डिंग चालू असेल तर मोजणी पुढे ढकला.

सुरुवातीला पूर्ण टप्पा मोजून आलेख डोळ्यांनी बघा. जिथे शिखरांची दाटी आहे असे २० ते ३० किलोहर्ट्झ रुंदीचे दोन पट्टे निवडा. सपाट भागात कितीही बारकाईने मोजलं तरी हाती काही लागत नाही.

सहावी पायरी: मूळ नोंद

इथे घाई करायची नाही. धडधाकट जोड, सगळे बोल्ट ठरलेल्या टॉर्कला, आणि मग पूर्ण दिवस-रात्र दर तासाला मोजणी. उघड्यावरच्या बांधकामासाठी हे थंडीत, मेमध्ये आणि पावसाळ्यात पुन्हा करावं लागतं.

त्याला कारण तापमान. पोलादाचा ताठपणा दर अंशाला साधारण ०.०३ ते ०.०४ टक्क्यांनी घटतो आणि वारंवारता त्याच्या वर्गमुळाने बदलते. दहा अंश तापमान वाढलं तर ५० किलोहर्ट्झचं शिखर ढोबळमानाने ७५ ते १०० हर्ट्झ डावीकडे सरकतं. हे आपल्या मोजणीचं जवळजवळ एक पूर्ण पाऊल झालं. पट्टीचा आणि इपॉक्सीचा बदल वेगळाच. विदर्भातल्या एखाद्या पुलाच्या गर्डरला डिसेंबरच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत काय काय सोसावं लागतं ते आठवा. त्यापुढे एका सैल बोल्टचा बदल किरकोळ ठरू शकतो.

तापमान सेन्सर पट्टीशेजारी, पोलादावरच चिकटवा. हवेचं तापमान काही कामाचं नाही. उन्हात पोलाद हवेपेक्षा खूप तापतं. नेहमीच्या मोजणीसाठी सूर्योदयाआधीची वेळ सगळ्यांत चांगली, कारण तेव्हा तुळई सगळीकडे सारख्या तापमानाला असते. प्रत्येक मोजणीसोबत तारीख, वेळ, पोलादाचं तापमान, पाऊस, पुलावरची वाहतूक, आणि केबल किंवा मीटरला कुणी हात लावला असेल तर तेही लिहा. मूळ आकडे जसेच्या तसे सीएसव्ही फाइलमध्ये साठवा. सरासरी आणि निर्देशांक नंतर कितीही वेळा काढता येतात.

सातवी पायरी: फरकाचा आकडा

सर्वांत रुळलेला निर्देशांक आरएमएसडी (रूट मीन स्क्वेअर डेव्हिएशन). प्रत्येक वारंवारतेला आजचा कंडक्टन्स वजा मूळ कंडक्टन्स करा, वर्ग घ्या, बेरीज करा. मूळ कंडक्टन्सच्या वर्गांच्या बेरजेने भागा, वर्गमूळ काढा, शंभराने गुणा. समजा तीनच वारंवारतांवर मूळ आकडे २, ३ आणि ४ मिलिसीमेन्स आहेत आणि आजचे २.२, २.७ आणि ४. फरकांचे वर्ग ०.०४, ०.०९ आणि शून्य, बेरीज ०.१३. मूळ वर्गांची बेरीज २९. उत्तर सुमारे ६.७ टक्के.

हे ६.७ टक्के चांगले की वाईट? कुठल्याही पुस्तकात त्याचं उत्तर नाही. अमुक टक्क्यांच्या वर धोका, असा छापील तक्ता कुणी दाखवला तर हात जोडून नमस्कार करा. मर्यादा तुमच्याच मूळ नोंदीतून येते. धडधाकट अवस्थेतल्या मोजण्यांमधली एक संदर्भ धरा, बाकीच्यांचा तिच्याशी निर्देशांक काढा, त्यांची सरासरी आणि प्रमाण विचलन काढा. सरासरी अधिक तीन प्रमाण विचलनं ही पहिली मर्यादा. जितक्या जास्त ऋतूंच्या नोंदी, तितकी ती भरवशाची.

तापमानाचा परिणाम कमी करायला आजचा आलेख थोडा डावी-उजवीकडे सरकवून मूळ आलेखाशी सर्वांत चांगला जुळतो तिथे थांबवतात आणि मग निर्देशांक काढतात. पायथनमध्ये चार ओळींचं काम आहे. पण सरकवायला लगाम हवा. तापमानाच्या फरकाने जेवढं सरकू शकतं त्यापेक्षा जास्त सरकवलं तर खरी इजासुद्धा जुळवून टाकाल आणि निर्देशांक छान कमी येईल. त्याहून सोपा आणि प्रामाणिक मार्ग म्हणजे मूळ नोंदींची तापमानानुसार टोपली करणं. २० ते २३ अंशांची आजची मोजणी २० ते २३ अंशांच्याच मूळ नोंदीशी ताडायची. शक्य असेल तिथे मी हाच वापरतो.

आठवी पायरी: मुद्दाम बिघडवून पाहणं

आधी नुसतं छोटं लोहचुंबक पट्टीपासून दहा सेंटिमीटरवर चिकटवा आणि मोजा. आलेख हलला पाहिजे. काढा, आलेख परत जागेवर आला पाहिजे. एवढंही होत नसेल तर बोल्टला हात लावू नका. इपॉक्सी किंवा फेजची जुळवणी तपासा.

मग बोल्ट. ८.८ प्रतीच्या एम१२ बोल्टला साधारण ८० न्यूटन-मीटर टॉर्क असतो. तो ६०, ४०, २० आणि शेवटी हाताने आवळलेला, असा उतरवत न्या. प्रत्येक टप्प्यावर मोजा, मग उलट क्रमाने चढवा. दोन गोष्टींसाठी तयार राहा. ८० वरून ६० वर आल्यावर निर्देशांक मर्यादेच्या आतच राहू शकतो. आणि परत ८० ला आवळल्यावर आलेख तंतोतंत मूळ जागी येत नाही, कारण पत्र्यांच्या पृष्ठभागांची बैठक दर वेळी थोडी वेगळी असते. म्हणून नुसतं सैल-आवळ पुनःपुन्हा करून तो विखुरलेपणाही मर्यादेत धरावा लागतो. जवळच्या पट्टीचा निर्देशांक लांबच्या पट्टीपेक्षा जास्त वाढतो का, हेही याच वेळी बघून घ्या.

आकडा वाढला, आता?

तुळईवर संशय घेण्याआधी पट्टीवर घ्या. त्यासाठी ॲडमिटन्सचा काल्पनिक भाग, सस्सेप्टन्स, उपयोगी पडतो. वारंवारतेबरोबर तो सरळ रेषेत वाढतो आणि त्या रेषेचा चढ म्हणजे पट्टीचा कपॅसिटन्स. चढ वाढला असेल तर पट्टी सुटायला लागली आहे. कमी झाला असेल तर पट्टीचा तुकडा मोडला आहे. चढ तापमानाच्या मानाने होता तसाच आहे आणि कंडक्टन्सची शिखरं बदलली आहेत, तर बदल तुळईत आहे. साक्षीदार पट्टीही या वेळी बघा. सगळी शिखरं एका बाजूला सारखी सरकली असतील तर बहुधा तापमान. एका भागातली शिखरं बदलली किंवा नवी आली तर स्थानिक दोष.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा मोजा. फरक टिकला तर जोडाजवळ जा, टॉर्क पान्याने बोल्ट तपासा, वेल्डवर डाय पेनिट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग) टाका. इम्पिडन्सचा आलेख तिथवर घेऊन जातो. दोष कुठला आणि किती, हे ठरवायला डोळे आणि नेहमीच्या चाचण्याच लागतात.

रिपोर्टात ‘सुरक्षित’ हा शब्द वापरू नका. ‘अमुक जोडाजवळ अमुक तारखेपासून मूळ नोंदीच्या तुलनेत टिकून राहिलेला बदल’ असं लिहा. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतींना महानगरपालिका कायद्याच्या कलम ३५३ ब खाली स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं. तिथल्या रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, हाफ सेल आणि कोअरच्या चाचण्यांना पिझो पट्टी पर्याय नाही. ऑडिट एका दिवसाचं असतं. पट्टी दोन ऑडिटांमधल्या काळावर नजर ठेवते.

काँक्रीट असेल तर

पायऱ्या त्याच, पण अपेक्षा कमी ठेवा. काँक्रीट कंप जिरवतं, त्यामुळे शिखरं थोडी आणि पसरट येतात आणि पट्टीची नजर आखूड होते. पृष्ठभाग आधी इपॉक्सीच्या पातळ थराने सपाट करावा लागतो. ओलाव्याने आलेख हलतो, म्हणून पावसाळ्याची मूळ नोंद वेगळी हवी.

पट्टी आत पुरणं जास्त चांगलं. ह्यूस्टन विद्यापीठातल्या गँगबिंग साँग यांच्या गटाने पीझेडटीला पाण्यापासून वाचवणारा लेप देऊन छोट्या ठोकळ्यात बसवलेला ‘स्मार्ट ॲग्रिगेट’ प्रचलित केला. तो खडीसारखा काँक्रीटमध्ये टाकायचा, सळईला बांधून, म्हणजे व्हायब्रेटरने जागेवरून हलत नाही. याचा एक फायदा लगेच मिळतो. काँक्रीट कडक होत जातं तशी शिखरं उजवीकडे सरकत जातात, आणि फॉर्मवर्क कधी काढायचं याचा अंदाज घेता येतो. त्यासाठी चाचणीचे काँक्रीट क्यूब त्याच मिश्रणाचे, आणि त्यांच्या ७ व २८ दिवसांच्या ताकदीशी आलेख जुळवून घेतलेला हवा. पहिल्या दोन-तीन दिवसांत सिमेंटच्या उष्णतेने आतलं तापमान चढतं, तेव्हा तापमान सेन्सरही सोबत पुरा.

जोड असो वा काँक्रीट, दुरुस्ती झाली की जुनी मूळ नोंद तुलनेला चालत नाही. नवी घ्या, त्याच पद्धतीने, त्याच वेळी, पुन्हा तिन्ही ऋतूंत. जुन्या फाइलला दुरुस्तीची तारीख लावून बाजूला ठेवा, पुसू नका. पाच वर्षांनी त्याच जोडात पुन्हा बदल दिसला तर सगळ्यात आधी तीच उघडावी लागेल.